मला ॲबी म्हणा

ज्या साहेबांच्या हाताखाली मी सुखाने काम केलं, त्यांचे चेहरेही आता नीट आठवत नाहीत. एकाचं टक्कल आठवतं, एका बाईंचा डबा आठवतो. अभय नेरूरकर मात्र आख्खा आठवतो. त्याचे बूट, त्याचं अत्तर, लिफ्टमधून बाहेर पडताना केसांवरून फिरणारा हात, सगळं. आवडती माणसंच मनात घर करून राहतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी अंधेरीच्या एमआयडीसीत काही वर्षं नोकरी करून बघावी.

आमची कंपनी हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवायची. गेटवर पाहुणा आला की वॉचमनने फोनवर त्याचं नाव टाकायचं, मग घरातल्या माणसाच्या फोनवर घंटी वाजायची, त्याने 'येऊ दे' दाबलं की गेटचा आडवा दांडा वर. काम काही फार थोर नव्हतं. पण मुलुंडला माझ्याच सोसायटीत ते ॲप होतं, आणि मी लिहिलेलं काहीतरी आमचा वॉचमन रोज वापरतो, हे मला बरं वाटायचं. प्रोग्रामिंगमध्ये सुख असतं ते एवढंच. चालतंय, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

अभय आला तो आमच्या टीमचा प्रमुख म्हणून. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल उभं करून म्हणाला, "नो सर-बीर. मला ॲबी म्हणा. अरे-तुरे करा. इथे सगळे सारखे."

पंचेचाळिशीचा माणूस, भांडुपला वाढलेला, आडनाव नेरूरकर, आणि म्हणे ॲबी. आम्ही म्हणायला लागलो. 'ॲबी, तू बघितलंस का', 'ॲबी, तू येतोयस का'. हे सारखेपण वर्षभर छान चालायचं. पगारवाढीचे दिवस आले की तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि आम्ही बाहेर रांगेत.

तो स्वतःच्या जागेवर कधी बसलेला दिसायचा नाही. उघडा लॅपटॉप डाव्या हातावर आडवा धरून ऑफिसभर फिरायचा, लग्नात सरबताचा ट्रे घेऊन फिरतात तसा. कोणाच्याही मागे येऊन थांबायचा. स्क्रीनवरचा कोड दोन-चार ओळी मोठ्याने वाचायचा, जीभ अडखळली की थांबायचा आणि म्हणायचा, "हं. जरा क्लीन कर हे." काय क्लीन करायचं ते कधी सांगितलं नाही, कारण त्याला कोड येत नव्हता. कधीकाळी येत होता असं तो म्हणायचा. मी एकदा एक साधी गोष्ट विचारली, पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल अशी. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू फार डीटेलमध्ये जातेस यार. बिग पिक्चर बघ ना."

सकाळची मीटिंग उभ्याने घ्यायची टूम त्यानेच आणली. उभं राहिलं की माणसं थोडक्यात बोलतात, असं कारण दिलं. आम्ही उभे राहायचो. तो टेबलाच्या कडेवर बसायचा, पाय हलवत, आणि बोलायचा. आठव्या महिन्यातल्या रेश्माने एकदा खुर्ची ओढून घेतली, तर हसून म्हणाला, "ओके, ओके, अलाउड." जणू खुर्ची त्याच्या घरून आणली होती.

पण त्याची खरी कला वेगळीच. सोमवारी तुम्ही त्याला काही सुचवलंत की तो तोंड वाकडं करायचा. "नाही रे, नाही चालणार." गुरुवारी तीच गोष्ट तो तुम्हालाच समजावून सांगायचा, हातवारे करून, बोर्डावर बाण काढून. सुरुवातीला मला वाटायचं हा चोर आहे. मग लक्षात आलं, तसंही नाही. चोराला निदान वस्तू कोणाची ते माहीत असतं. ह्याला खरोखरच वाटायचं की ते त्यालाच सुचलंय. त्याच्या डोक्यात इतरांना जागाच नव्हती, त्यामुळे तिथे जे जे सापडायचं ते त्याचंच असणार.

एकदा ॲप उघडायला फार वेळ लागतो अशा तक्रारी यायला लागल्या. मी बसले, आणि जुना, कोणी न वापरणारा कोड शोधून शोधून काढून टाकला. त्या आठवड्यात मी नवीन असं काहीच लिहिलं नाही, फक्त खोडलं. असलं काम मला फार आवडतं. माळा आवरल्यासारखं वाटतं. ॲप झटक्यात उघडायला लागलं.

"तू बनवलंस काय पण?" ॲबीने विचारलं.

"काही नाही. काढलं."

"मग मी स्लाइडवर काय दाखवू?"

मी म्हणाले, "आता पटकन उघडतं असं दाखव."

"ते दिसत नाही ना पण!" तो खरंच कळवळून म्हणाला. शेवटी त्याने उघडताना फिरणारं एक रंगीत चक्र घालायला लावलं, वेग लोकांच्या डोळ्यांना दिसावा म्हणून. ते चक्र पूर्ण फिरेपर्यंत ॲप थांबून राहायचं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. गिऱ्हाइकासमोर तो झकास होता. घाटकोपरच्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी करार मोडायलाच आले होते, कागद घेऊन, लालबुंद. ॲबीने त्यांना चहा दिला, त्यांच्या मुलीचं नाव विचारलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल इतक्या आस्थेने विचारलं की ते गृहस्थ जाताना त्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले. तक्रार होती तिथेच राहिली. मला ते जन्मात जमणार नाही. जमावं असंही वाटत नाही.

रविवारी कामाला बोलवायचं झालं की तो वडिलांना पुढे करायचा. "माझे बाबा गिरणी कामगार होते. घरात एका वेळचं जेवण असायचं. बाबांनी कधी रविवार बघितला नाही, आणि तुम्ही एसीत बसून कुरकुर करता?" हे ऐकताना नवीन पोरींचे डोळे भरायचे. मीही दोनदा रविवारी गेले त्या बाबांपायी.

मग कंपनीचा वार्षिक समारंभ आला. सांताक्रूझच्या एका हॉटेलात. ॲबीने वडिलांनाच स्टेजवर आणलं. सत्तरी कधीच ओलांडलेले, पण ताठ. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मिशा व्यवस्थित कातरलेल्या. ॲबीने त्यांच्या पायांना हात लावला, कॅमेऱ्याकडे तोंड राहील अशा बेताने, आणि माइक त्यांच्या हातात दिला. "बाबा, तुमचे कष्टाचे दिवस सांगा. यंग लोकांना प्रेरणा मिळेल."

म्हाताऱ्याने माइक तोंडाशी धरला, एकदा फुंकर मारली, आणि सुरू झाला.

"ह्या बाबल्यान माका सांगल्यान, गरिबीचा काय ता बोला. कसली गरिबी? मी मुकादम होतंय! खात्यात माका बघून माणसा गप जायत. घरात रोज म्हावरा. ह्येका तर सुरमईशिवाय घास जाय नाय. उपाशी कोण रवलो? कोणच नाय."

हॉलमध्ये आधी एक हसला, मग सगळे. ॲबी पण हसत होता, पण त्याचा हात माइककडे निघाला होता. म्हाताऱ्याने माइक दुसऱ्या हातात घेतला.

"गिरण्या बंद पडल्यार मी दोन रिक्षा घेतलंय आणि भाड्यान दिलंय. हात काळे कधी केलंय नाय." मग पहिल्या रांगेतल्या आमच्याकडे वळून त्यांनी चौकशी केली, "तुमी म्हणे रविवारीव कामाक येतात? आमच्या टायमाक रविवारी कामाक बोलवची कोणाची हिंमत नाय होती. माझीसुद्धा."

टाळ्या थांबेनात. बढाईखोर म्हातारा होता, मुकादम असताना कामगारांना छळलंच असेल त्याने. पण त्या संध्याकाळी आम्हाला तो फार आवडला. ॲबीने त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि माइकवर म्हणाला, "सो हम्बल. बघितलंत ना? आपले कष्ट सांगतसुद्धा नाहीत." हे तो अगदी मनापासून म्हणत होता. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. समोर घडलेली गोष्ट ज्याला दिसतच नाही, त्याचं काय करायचं?

त्यानंतर काही महिन्यांनी ते बटणाचं झालं.

वॉचमनच्या फोनवर खाली कोपऱ्यात एक बटण असायचं, 'गेट उघडा'. घरातून उत्तर आलं नाही, नेट गेलं, काही अडचण आली, तर वॉचमनने ते दाबायचं आणि दांडा वर करायचा. वॉचमन ते बऱ्याचदा दाबायचे. दूधवाला, मोलकरणी, रोजची माणसं, त्यांच्यासाठी कोण घंटी वाजवत बसणार? पण कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या लोकांना ॲबीला दाखवायचं होतं की सगळे पाहुणे ॲपमधूनच आत येतात. त्या बटणामुळे आकडा खाली यायचा.

"काढून टाक ते," त्याने सकाळच्या मीटिंगमध्ये शिल्पाला सांगितलं.

शिल्पा बोरिवलीहून यायची. वॉचमनच्या फोनवरचा सगळा भाग तिचा. बोलायची कमी, हळू, आणि दोनदा विचार करून. ती म्हणाली, "ॲबी, ते काढलं तर अडचणीत गेट उघडणार कसं?"

"अडचण येईलच कशाला? लोक फोन उचलतील. सवय लागेल."

"म्हातारी माणसं असतात. फोन कुठे ठेवलाय ते त्यांना आठवत नाही."

"शिल्पा, प्रॉब्लेम घेऊन येऊ नको यार, सोल्युशन घेऊन ये."

"ते बटण हेच सोल्युशन आहे," शिल्पा म्हणाली. आम्ही सगळे उभे होतो, सगळ्यांनी ऐकलं. मीही म्हणाले की हिचं बरोबर आहे. ॲबी टेबलावरून उतरला, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, "आय लव्ह द पॅशन. शुक्रवारपर्यंत काढा."

बटण गेलं. आकडा वाढला. आकडा स्लाइडवर गेला.

पुढे पावसाळा संपता संपता एका दुपारी मुलुंडच्याच, पण माझ्या नव्हे, दुसऱ्या एका सोसायटीत दामले नावाचे वयस्कर गृहस्थ जेवता जेवता खुर्चीतून कलंडले. बायकोने शेजाऱ्यांना हाक मारली, शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्स लगेच आली आणि गेटवर उभी राहिली. वॉचमन नवा होता. ॲपशिवाय कोणाला आत सोडलं तर पगार कापू, अशी त्याला ताकीद होती. त्याने दामल्यांच्या घराची घंटी वाजवली. दामले काकूंचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला आणि काकू बाहेर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. त्याने परत वाजवली. ड्रायव्हर हॉर्न देतोय, हा आधीच्या नोकरीत बघितलेलं ते बटण फोनवर शोधतोय. शेवटी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई अनवाणी खाली धावत आली, तिने वॉचमनला बाजूला ढकललं आणि दांडा दोन्ही हातांनी उचलून धरला.

दामले वाचले. वाचा गेली. अख्खा जन्म शाळेत मराठी शिकवलेला माणूस. थोडे लवकर पोचले असते तर फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. किती, ते कोणीच सांगू शकत नाही, आणि हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

सोसायटीचे लोक आमच्या ऑफिसात आले. सेक्रेटरी, दांडा उचलणाऱ्या त्या बाई, आणि दामले काकू. काकू चिडलेल्या नव्हत्या. गडद हिरवी सुती साडी, हातात कापडी पिशवी, बँकेत काही विचारायला यावं तशा बसल्या होत्या. ॲबीने शिल्पाला आणि मला आत बोलावलं. चहा आला. ॲबीने आवाज खाली आणला, हात जोडले, काकांची चौकशी केली. सगळं घाटकोपरच्या सेक्रेटरींसारखंच सुरळीत चाललं होतं. मग काकूंनी विचारलं, "आधीच्या वॉचमनच्या फोनवर एक बटण होतं ना? तो मला भाजीवाल्यासाठी उघडून द्यायचा. ते कुठे गेलं?"

एक क्षणही न थांबता ॲबी म्हणाला, "काकू, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. आमच्या डेव्हलपरकडून चूक झाली. तिच्या हातून ते बटण राहून गेलं. आम्ही योग्य ती कारवाई करतोय." आणि त्याने शिल्पाकडे बघितलं, मायेने, लहान बहिणीकडे बघावं तसं.

शिल्पा उठून उभी राहिली. "तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली.

इतकी वर्षं तिने त्याला ॲबी आणि तूच म्हटलं होतं. त्याने मागितलेली ती सलगी तिने त्या एका 'तुम्ही'ने परत करून टाकली. आवाज चढवला नाही. पण मी ॲबीचा चेहरा बघत होते. खोटं बोलताय यापेक्षा त्याला ते 'तुम्ही' जास्त लागलं.

"बटण काढायला यांनी सांगितलं," मी काकूंना म्हणाले. "आम्ही दोघींनी नको म्हटलं होतं. सगळ्या टीमसमोर."

ॲबी सेक्रेटरींकडे वळून हसला. "बघा, किती जिवाला जीव देणारी टीम आहे. एकमेकींना सांभाळून घेतात. साहजिक आहे, इमोशनल झाल्यात."

शिल्पाने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती टेबलाला वळसा घालून काकूंच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "काकू, सांगितलं यांनी. पण काढलं मी, माझ्या हातांनी. मी काढायला नको होतं."

काकूंनी तिच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "परत बसव गं ते. बाकी मला काही नको."

सगळ्यांसमोर आमच्या साहेबाला काकूंनी काडीचीही किंमत दिली नाही. निघताना त्याने पुढे केलेला हात तसाच राहिला. काकूंच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने त्यांनी शिल्पाचा दंड धरला होता.

शिल्पाने त्याच दुपारी बटण परत बसवलं. त्याच आठवड्यात तिला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. मी वरच्या साहेबांकडे जाऊन घडलेलं सगळं सांगितलं, रेश्मानेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ॲबीकडूनही ऐकून घेतलं. ॲबी बोलायला बसला की पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं. शिल्पा आता बोरिवलीतच एका छोट्या कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणत होती, "आता मला कोणी काही काढ म्हणालं ना, तर मी आधी ते वापरणाऱ्या माणसाला भेटून येते. लोक वैतागतात. वैतागू देत."

आणि ते बटण? पुढच्या समारंभात मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र आलं, लाल रंगात, केवढं तरी. खाली अक्षरं, 'इमर्जन्सी ओपन'. ॲबी स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सांगत होता की एका ज्येष्ठ नागरिकाच्या अनुभवाने तो हलून गेला, त्याला झोप लागेना, आणि त्यातून ही कल्पना सुचली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. रेश्मा आणि मी बसून राहिलो. त्याचे डोळे ओले होते, आणि मी शपथेवर सांगते, ते पाणी खरं होतं.

त्यानंतर मी दुसरीकडे काम शोधलं. तिथले माझे कागद तयार व्हायच्या आतच आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या लोकांनी प्रत्येकाला बोलावून काम विचारलं. विचारणारी मुलगी तिशीचीही नसेल. ॲबी आत गेला, आणि केबिनचं दार नीट लागलेलं नसल्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं. तो टीमबद्दल बोलला, व्हिजनबद्दल बोलला, फॅमिलीबद्दल बोलला. ती मधूनमधून एकच विचारत होती, "ते ठीक आहे, पण तुम्ही स्वतः काय करता?" कंटाळल्याशिवाय, चिडल्याशिवाय. त्यावर घाटकोपर चाललं नाही, गिरणी चालली नाही. महिनाअखेरीला त्याची केबिन रिकामी झाली. कोणी निरोप समारंभ केला नाही. तसे समारंभ तोच करायचा.

मला आनंद झाला होता. लपवत नाही. टपरीवर नेऊन मी रेश्माला कटिंग चहा पाजला, मीही प्यायले.

शेवटचा दिसला तो मागच्या उन्हाळ्यात. मुलीचे बूट बदलून घ्यायला मी घाटकोपरच्या एका मॉलमध्ये गेले होते, भर दुपारी. वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस व्यवस्थित, कानात इअरफोन, समोर लॅपटॉप. मीटिंग चालली होती. आवाज अर्ध्या दुकानाला ऐकू जात होता. "नाही नाही, माझ्या टीमला बोलायचं नाही. जे काय असेल ते माझ्याशी बोला. माझी माणसं आहेत ती."

कोणत्या बिचाऱ्यांच्या नशिबी आला असेल हा, असं मनात म्हणत मी त्याच्या मागून निघाले, आणि जाता जाता नजर स्क्रीनवर गेली. मीटिंगची खिडकी उघडी होती. तीत एकच चेहरा होता, त्याचाच. बाकी काळं. खाली बारीक अक्षरांत आलेलं होतं की तुमच्याशिवाय इथे कोणी नाही.

बहुतेक स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यामागे मी दिसले असावे. तो वळला. मला ओळखलं. एक क्षण मला वाटलं, आता लॅपटॉप मिटेल, काहीतरी सांगेल, इंटरव्ह्यूची तयारी करतोय म्हणेल. ते सांगितलं असतं तर मी तिथे थांबले असते, कॉफीही प्यायले असते कदाचित. त्याने ओळखीचं हसून एक बोट वर केलं, दोन मिनिटं थांब, कॉलवर आहे अशी खूण केली, आणि परत स्वतःच्या चेहऱ्याकडे वळून म्हणाला, "हां, सॉरी, बोला. माझ्या टीममधलीच एक होती."